स्मार्ट थर्मोस्टॅट निवडण्याआधी जुना भिंतीवरून उतरवून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर दुमजली, यंत्रणा एकच. हिवाळ्यात तीच घर गरम करते, उन्हाळ्यात गार. बाहेर हीट पंप, म्हणजे उष्णता आत-बाहेर उपसणारं यंत्र, आणि जोडीला आतल्या युनिटमध्ये विजेची हीटर-कॉइल. तापमान ठरवणारा भिंतीवरचा बटणांचा थर्मोस्टॅट पंधरा वर्षांचा. आई दिवसभर घरी असतात, तुम्ही दोघं कामावर. वरच्या खोल्या दुपारनंतर तापतात. तीन थर्मोस्टॅट नजरेसमोर आहेत: एक तुमच्या सवयी आपणहून शिकणारा, एक खोल्याखोल्यांत ठेवायचे सेन्सर देणारा आणि एक साधा वायफायचा, सगळ्यांत स्वस्त. यातला कोणता घ्यावा आणि बिल किती उतरेल?

या कामात मला वीसहून जास्त वर्षं झाली. लोकांनी हौसेनं आणलेले आणि महिन्याभरात परत काढावे लागलेले थर्मोस्टॅट मी पुष्कळ पाहिले. त्यातले वाईट फार थोडे होते. बाकीचे फक्त त्या भिंतीवर, त्या यंत्राशी चालणारे नव्हते. म्हणून तिघांची तुलना जरा बाजूला ठेवा आणि आधी जुना उतरवून त्याच्यामागे काय आहे ते बघा.

आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही युनिटचे ब्रेकर बंद करा. थर्मोस्टॅटचं पुढचं झाकण बहुधा सरळ ओढलं की निघतं. एकही तार सैल करण्याआधी फोटो काढा, आणि असा काढा की कोणती तार कोणत्या अक्षराखाली आहे ते वाचता येईल. हा फोटो नसल्यामुळे ज्यांचा शनिवार वाया गेला, अशांच्या घरी मी रविवारी गेलो आहे.

तारा करंगळीच्या निम्म्या जाडीच्या, दोन किंवा चार, टोकाला पिळून बसवलेल्या टोप्या असतील तर तिथेच थांबा. तो १२० किंवा २४० व्होल्टचा सरळ मेनचा पुरवठा असतो, भिंतीतळाच्या विजेच्या हीटरसाठी. बाजारातले बहुतेक स्मार्ट थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतात. मेनवर जोडले तर जळतात, आणि जोडणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकतं. मेनच्या व्होल्टेजसाठी वेगळे थर्मोस्टॅट मिळतात. तुमच्याकडे हीट पंप आहे म्हणजे तारा बारीक आणि रंगीत असणार, पण खात्री डोळ्यांनीच करा.

आता अक्षरं. आर (R) म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडून येणारी २४ व्होल्टची तार. वाय (Y) कॉम्प्रेसरची, जी (G) पंख्याची, डब्ल्यू (W) किंवा ऑक्स (Aux) जोडीच्या हीटरची. ओ/बी (O/B) हीट पंपाची दिशा उलटवणाऱ्या व्हॉल्व्हची. आणि सी (C) म्हणजे कॉमन, त्याच ट्रान्सफॉर्मरची दुसरी बाजू. रंगांवर मात्र भरवसा ठेवू नका. लाल म्हणजे आर, पिवळी म्हणजे वाय ही पद्धत आहे, सक्ती नाही. आधीच्या माणसाच्या हाती जी तार आली ती त्यानं लावलेली असते. एका घरात निळी तार वायवर होती. मालकांनी वाचलं होतं की निळी म्हणजे सी. त्यांनी ती नव्या थर्मोस्टॅटच्या सीवर लावली आणि दोन दिवस पंखा नुसता फिरत राहिला, गार काही होईना.

यातली सी तार हाच खरा प्रश्न आहे.

जुन्या थर्मोस्टॅटला स्वतःसाठी वीज लागतच नसे. आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असे. ती तापमानाप्रमाणे वाकली की आर आणि वाय एकमेकांना टेकत आणि कॉम्प्रेसर सुरू होई. तुमचा बटणांचा बहुधा दोन बॅटऱ्यांवर चालत असेल. स्मार्ट थर्मोस्टॅटला मात्र पडदा उजळायचा असतो, वायफाय धरून ठेवायचं असतं, आणि तेही चोवीस तास. त्यासाठी आर आणि सी असा पूर्ण, अखंड सर्किट हवा. सी नसली तर काही मॉडेलं चोरवाटेनं वीज घेतात: वाय किंवा डब्ल्यूच्या तारेतून, कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टर नावाच्या स्विचच्या कॉइलमधून, इतका बारीक प्रवाह की कॉन्टॅक्टर ओढला जाऊ नये. कागदावर हे छान दिसतं. पुष्कळ घरांत चालतंही. पण काही घरांत कॉन्टॅक्टर गुणगुणतो, काहींत यंत्र मधेच उचक्या देत चालू-बंद होतं, काहींत थर्मोस्टॅटची आतली बॅटरी हळूहळू उतरते आणि एका सकाळी पडदा काळा. डब्यावर ‘सी तारेची गरज नाही’ असं ठळक छापलेलं असतं ते याच उपायाच्या जोरावर. माझं मत साफ आहे: सी तार असेल तर जोडा, नसेल तर आणा, आणि मगच स्मार्ट थर्मोस्टॅटचा विचार करा.

आणायची कशी? पहिल्यांदा भिंतीच्या भोकात बोट घालून केबल थोडी बाहेर ओढा. पुष्कळदा एखादी न वापरलेली तार मागे दुमडून ठेवलेली सापडते. ती दुसऱ्या टोकाला, आतल्या युनिटच्या कंट्रोल बोर्डावर, सी लिहिलेल्या स्क्रूला लावली की काम झालं. तार शिल्लक नसेल तर काही कंपन्या एक छोटा अ‍ॅडॉप्टर देतात. तो बोर्डाजवळ बसतो आणि चार तारांकडून पाचांचं काम करून घेतो. मात्र त्यातले पुष्कळ अ‍ॅडॉप्टर हीट पंपाशी चालत नाहीत, तेव्हा सूचनापत्रक आधी वाचा. तिसरा मार्ग म्हणजे सॉकेटमध्ये लावायचा २४ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर. त्याची तार भिंतीवरून लोंबते, दिसायला वाईट, पण चालतो. चौथा मार्ग: पंख्याची ‘जी’ तार सी म्हणून वापरायची आणि बोर्डावर ‘जी’ व ‘वाय’ यांच्यात पूल टाकायचा. त्यात नुसता पंखा फिरवायची सोय जाते. मी तो उपाय शेवटचा मानतो.

आणि नवी केबल ओढायचीच झाली तर पाच तारांची ओढू नका, आठ तारांची ओढा. किमतीत फारसा फरक नसतो, आणि भिंतीतून ओढण्याचा त्रास दोन्हींना सारखाच.

एक सावधगिरी. ब्रेकर चालू असताना आर आणि सी एकमेकांना क्षणभर जरी टेकल्या तरी बोर्डावरचा ३ किंवा ५ अ‍ॅम्पियरचा फ्यूज उडतो. गाडीत असतो तसाच पात्यांचा फ्यूज. उमेदवारीच्या काळात मी तो उडवला आहे आणि ‘नवा थर्मोस्टॅटच खराब निघाला’ असं ठामपणे सांगून तो बदलूनही आणला आहे. पडदा अजिबात उजळत नसेल तर आधी तो फ्यूज बघा. तो ठीक असेल तर आतल्या युनिटखालचा पाण्याचा ट्रे बघा. ट्रे तुंबून भरला की काही यंत्रणांत फ्लोट स्विच २४ व्होल्टच तोडतो. दोष निचऱ्याच्या पाइपचा आणि शिव्या थर्मोस्टॅटला.

तारांनंतर यंत्र. थर्मोस्टॅट हा मुळात एक स्विच आहे, बाकी सगळी सजावट. १८८३ साली वॉरन जॉन्सन नावाच्या प्राध्यापकानं विजेवरच्या अशा उपकरणाचं पेटंट घेतलं, तेव्हा ते कशासाठी होतं ठाऊक आहे? वर्ग गार पडला की तळघरातल्या भट्टीवाल्याला तसा इशारा द्यायला. इशारा मिळाल्यावर कोळसा घालायचा की नाही ते भट्टीवाल्यानं बघायचं. आजचा स्मार्ट थर्मोस्टॅटही इशाराच देतो. समोरचं यंत्र काय करू शकतं त्यापलीकडे त्याची मजल जात नाही. म्हणूनच एकाच वेगानं चालणाऱ्या यंत्रात तापमान १६ वर ठेवलं म्हणून घर २४ ला लवकर पोचत नाही. ते फक्त २४ ला थांबायचं विसरतं.

तुमचा हीट पंप कोणत्या जातीचा आहे हे त्यामुळे महत्त्वाचं. तो एका किंवा दोन वेगांचा असेल तर नेहमीचा स्मार्ट थर्मोस्टॅट चालेल. पण वेग सतत बदलणारा असेल आणि आतलं-बाहेरचं युनिट आपसात स्वतःच्या भाषेत बोलत असतील, तर भिंतीवर ए, बी, सी, डी किंवा एक, दोन, तीन अशी अनोळखी अक्षरं-आकडे दिसतील. अशा यंत्रावर बाहेरचा थर्मोस्टॅट बसवला तर एक तर ते चालणारच नाही, किंवा चाललं तर एखाद्या साध्या यंत्रासारखं, पूर्ण जोर किंवा पूर्ण बंद. ज्या बारीक वेगासाठी जादा पैसे मोजले तोच गेला. तिथे त्याच उत्पादकाचा थर्मोस्टॅट घ्यावा लागतो, आवडो वा न आवडो.

भिंतीवरच्या स्प्लिट एसीचा किस्सा तर निराळाच. त्याला भिंतीवर थर्मोस्टॅटच नसतो. जे ‘स्मार्ट’ म्हणून मिळतं ते रिमोटची नक्कल करणारं, इन्फ्रारेड सोडणारं यंत्र असतं. तुम्हाला त्याची गरज नाही. पाण्याच्या बॉयलरची आणि रेडिएटरचीही वाट वेगळी: तिथे प्रत्येक रेडिएटरवर बसणारे स्मार्ट व्हॉल्व्ह आणि बॉयलरची ज्योत कमी-जास्त करू शकणारा ओपनथर्मसारखा प्रोटोकॉल बघावा लागतो.

हीट पंपाची एक खोड मात्र नीट समजून घ्या, कारण बिल वाचवायला निघालेले लोक नेमके इथेच बिल वाढवून बसतात. हीट पंप १ युनिट विजेत साधारण २ ते ४ युनिट उष्णता घरात आणतो, कारण ती तो तयार करत नाही, बाहेरून उपसून आणतो. जोडीची हीटर-कॉइल १ युनिटात १ च युनिट देते. आता समजा रात्री झोपताना तापमान ५ अंशांनी उतरवलं. पहाटे सहाला थर्मोस्टॅट जागा होतो, बघतो की ठरलेलं तापमान बरंच दूर आहे, हीट पंपाला एकट्याला वेळ लागेल, आणि तो कॉइल चालू करतो. रात्रभर वाचवलेलं त्या एका तासात जातं. यावर दोन उपाय आहेत. हिवाळ्यात उतरवायचं तर एक-दोन अंशच उतरवा. आणि असा थर्मोस्टॅट घ्या ज्यात ‘बाहेर अमुक अंशांच्या वर असेल तर कॉइल लावायचीच नाही’ असं ठरवता येतं आणि जो सकाळी आधीपासून, हळूहळू चढ घेतो. हे दोन पर्याय तुमच्या तिघांपैकी कोणाकडे आहेत, ते जाहिरातीत सापडणार नाही. बसवण्याच्या पुस्तिकेत सापडेल. ती पुस्तिका विकत घेण्याआधी वाचा. बहुतेक कंपन्या ती नेटवर ठेवतात.

इथे एक पोटशंका येते. बाहेरचं तापमान त्याला कळतं कसं? पुष्कळ मॉडेलं ते इंटरनेटवरच्या हवामानातून घेतात. म्हणजे नेट गेलं की कॉइल अडवून धरणारा आकडाच नाहीसा. बाहेर तारेचा सेन्सर जोडायची सोय असलेलं मॉडेल मिळालं तर मी त्याला एक गुण जास्त देतो.

आता आपणहून शिकणारा थर्मोस्टॅट. या जातीला प्रसिद्धी मिळाली ती २०११ साली नेस्ट कंपनीचा थर्मोस्टॅट आल्यापासून. कल्पना कुठून आली तेही बघा. त्याआधी आठवड्याचं वेळापत्रक भरायचे थर्मोस्टॅट होते. कागदावर ते भरपूर बचत करत. प्रत्यक्षात लोक वेळापत्रक भरतच नसत, एकदा ‘होल्ड’ दाबून मोकळे होत. वीज वाचवणाऱ्या उपकरणांना चिन्ह देणाऱ्या अमेरिकेतल्या एनर्जी स्टार योजनेनं २००९ च्या अखेरीस त्या थर्मोस्टॅटवरचं आपलं चिन्ह काढून घेतलं ते त्यातून अपेक्षित बचत दिसेना म्हणूनच. तेव्हा ‘माणूस भरत नाही ना, मग यंत्रानंच शिकावं’ हा विचार चुकीचा नव्हता.

पण शिकण्यासारखं काही असावं लागतं. रोज साडेआठला बाहेर, सहाला परत अशा घरात तो आठवड्याभरात शिकतो. तुमच्याकडे आई दिवसभर घरात. यंत्राला हालचाल दिसते ती इन्फ्रारेड सेन्सरनं, आणि तीही त्याच्या समोरून कोणी गेलं तर. आई दुपारी आतल्या खोलीत पडल्या असतील किंवा खुर्चीत शांत वाचत बसल्या असतील, तर थर्मोस्टॅटच्या हिशेबी घर रिकामं. तो आपला गुमान बचतीवर जातो. फोनच्या जागेवरून ओळखणाऱ्या सोयीचंही तेच. तुम्हा दोघांचे फोन बाहेर गेले की घर ‘रिकामं’, कारण आईंचा फोन त्या अ‍ॅपमध्ये कोणी जोडलेलाच नसतो. असं घर मी पाहिलं आहे. आजी दुपारभर घामाघूम होत होत्या आणि मुलगा ऑफिसात बचतीचा आलेख बघून खूश होता. आजींनी तक्रार केली नाही, त्यांना वाटलं मुलानंच मुद्दाम तसं ठेवलं असेल.

म्हणून तुमच्यासाठी शिकणारा नको. साधं वेळापत्रक, दिवसातून चार टप्पे, पाच मिनिटांत भरून होतं, आणि ते कोणी, कधी, का बदललं हे तुम्हाला माहीत असतं. शिकणारा घ्यायचाच असेल तर शिकणं बंद करता येतं का ते बघा. बहुतेकांत येतं. मग त्या जादा पैशांत तुम्ही एक देखणा पडदा घेतला असं समजा. तेही चुकीचं नाही, भिंतीवर रोज बघायची वस्तू आहे.

आईंच्या संदर्भात आणखी एक गोष्ट, जिच्यासाठी तुलनेच्या कोष्टकात कधीच रकाना नसतो. फोन न उघडता, चष्मा न लावता, तापमान दोन अंशांनी वर-खाली करता येतं का? चकती फिरवायची किंवा मोठी दोन बटणं असलेली मॉडेलं यात सरस. पडद्यावर तीन वेळा सरकवून मग बाण शोधायला लावणारी मॉडेलं घरातल्या एकाच माणसाची होऊन बसतात.

बचतीचा आकडा विचारलात, तो सांगतो, पण त्याचे हातपाय बांधून. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचं म्हणणं असं की रोज ८ तास तापमान सुमारे ४ ते ५.५ अंश सेल्सिअसनं मागे घेतलं तर वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाचू शकतं. एनर्जी स्टारनं २०१७ पासून स्मार्ट थर्मोस्टॅटना पुन्हा चिन्ह द्यायला सुरुवात केली. त्यांच्या मते सरासरी बचत गरम-गार करण्याच्या खर्चाच्या सुमारे ८ टक्के. हे ८ टक्के अख्ख्या विजेच्या बिलाचे नव्हेत. फ्रिज, दिवे, पाणी तापवणं यांना थर्मोस्टॅट हात लावत नाही. आणि बचत येते ती घर रिकामं असताना किंवा सगळे पांघरुणात असताना तापमान सोडून दिल्यानं. वायफायनं वीज वाचत नाही.

तुमच्या घरी दिवसा माणूस आहे, म्हणजे दिवसाची बचत जवळपास शून्य धरा. रात्रीची, हीट पंपामुळे, एक-दोन अंशांची. उन्हाळ्यात थोडी जास्त. त्यातून तुम्ही आत्ताच झोपताना हातानं तापमान बदलत असाल तर आणखी कमी. बिलासाठीच घेत असाल तर माझा सल्ला घेऊ नका असा आहे. आराम, कुठूनही बघता येणं, यंत्र बंद पडलं तर फोनवर सूचना मिळणं, यासाठी घेत असाल तर जरूर घ्या. ती सूचना मला स्वतःला फार मोलाची वाटते. ऐन थंडीत कोणी घरी नसताना यंत्र बंद पडलं तर पाइप गोठून फुटतात, आणि फुटलेल्या पाइपचा खर्च दहा थर्मोस्टॅटइतका.

ज्यांना वाटतं की घर सतत एकाच तापमानावर ठेवणं स्वस्त पडतं, कारण पुन्हा गार करायला जास्त जोर लागतो, त्यांच्यासाठी एवढंच: भिंतीतून आत शिरणारी उष्णता आत-बाहेरच्या फरकाच्या प्रमाणात असते. फरक कमी झाला की गळती कमी झाली, मग यंत्र नंतर कितीही धावो. अपवाद तो वर सांगितलेला, हीट पंपाच्या कॉइलचा.

आता वरचा मजला. सेन्सरवाला थर्मोस्टॅट घेतला की वर गार होईल, ही तुमची अपेक्षा दिसते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? सेन्सर तापमान मोजतो, हवा नेत नाही. एकाच यंत्राला दोन्ही मजले जोडलेले आहेत. वरच्या खोलीत सेन्सर ठेवून ‘दुपारी या खोलीप्रमाणे चाल’ असं सांगितलं तर कॉम्प्रेसर वरची खोली गार होईपर्यंत चालेल आणि खाली आई शाल शोधतील. दोन्ही मजल्यांची सरासरी घ्यायला सांगितलं तर दोघांचीही तक्रार निम्मी-निम्मी. तरीही सेन्सरचा उपयोग आहे, आणि तो वेळेप्रमाणे वापरण्यात आहे: दिवसा खालचा सेन्सर, कारण माणूस खाली आहे, रात्री झोपायच्या खोलीतला, कारण सगळे वर आहेत. एवढ्यासाठी सेन्सरचे पैसे वसूल होतात असं मी म्हणेन. मधल्या जिन्याजवळच्या भिंतीचं तापमान कोणाच्याच कामाचं नसतं.

वर खरोखर का तापतं ते मात्र वेगळं तपासा. छताच्या पोकळीतलं इन्सुलेशन, सांध्यांतून गळणारे हवेचे डक्ट, वरच्या मजल्यावरून हवा परत यायला पुरेशी जाळी नसणं, आणि पश्चिमेची काच. दुपारी डक्टला हात लावून फिरलात तर गळती हाताला लागते. थर्मोस्टॅटच्या खर्चातला काही भाग तिकडे वळवलात तर आराम आणि बचत दोन्ही जास्त मिळतील. पंखा दर तासाला काही मिनिटं नुसता फिरवायची सोय बऱ्याच मॉडेलांत असते, तिनं दोन मजल्यांतला फरक अंशभर कमी होतो. दमट दिवसांत ती बंद ठेवा, कारण आतल्या युनिटमधल्या हवा गार करणाऱ्या कॉइलवर (हीटरच्या नव्हे) साचलेलं पाणी पंखा पुन्हा घरात उडवतो.

इंटरनेट गेलं तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. विचारायला हवा होता. तिन्हींसाठी कसोटी एकच: राउटर बंद करा, थर्मोस्टॅटवर हातानं तापमान बदला, वेळापत्रक चालतं का बघा. जो पास होत नाही तो घेऊ नका. सॉफ्टवेअरच्या चुका होतात. २०१६ च्या जानेवारीत एका अपडेटमुळे नेस्टच्या बॅटऱ्या उतरल्या आणि थंडीत लोकांची घरं गारठली. आणि कंपनीचा पाठिंबा कायमचा नसतो. २०१४ मध्ये गूगलनं नेस्ट ३.२ अब्ज डॉलरला घेतली. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांचे थर्मोस्टॅट २०२५ च्या ऑक्टोबरपासून अ‍ॅपमधून तुटले. भिंतीवर ते अजून चालतात, हातानं फिरवले तर. म्हणजे सुमारे बारा-चौदा वर्षं. तुमचा बटणांचा पंधरा वर्षांनी अजून अख्खा आहे हे इथे आठवा. मी याला घोटाळा म्हणत नाही, पण घेताना हिशेब तसा धरावा. मॅटर हे स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ साली आलेलं समान मानक ज्यावर चालतं तो घेतला तर एका कंपनीच्या अ‍ॅपवरचं अवलंबन थोडं कमी होतं.

वीज कंपनीनं सवलतीत किंवा फुकट थर्मोस्टॅट देऊ केला तर करार वाचा. बहुधा त्यात लिहिलेलं असतं की विजेची मागणी चढली की कंपनी तुमचं तापमान लांबून बदलू शकते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुमारे २२ हजार घरांना काही तास आपल्याच थर्मोस्टॅटवरचं तापमान खाली आणता आलं नाही. त्यांनी स्वतःच योजनेत नाव घातलं होतं. योजना वाईट नाही, ग्रिडला तिचा उपयोग होतो. पण घरात वृद्ध माणूस असेल तर बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते आधी माहीत हवं.

बसवताना जागा तीच ठेवणार असाल तर दोन गोष्टी तपासा. उन्हाची तिरीप दिवसातून कधीही त्यावर पडते का, आणि तारा येतात त्या भोकातून वारा येतो का. दुसरी गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. भिंतीच्या पोकळीतली हवा थेट सेन्सरवर येते आणि थर्मोस्टॅट घराऐवजी भिंतीचं तापमान सांगत बसतो. भोक पुट्टीनं किंवा कापसासारख्या इन्सुलेशननं बुजवा. उंची जमिनीपासून साधारण दीड मीटर. वाचत असलेल्या दुसऱ्या कोणाकडे गोल, फार जुना थर्मोस्टॅट असेल आणि आत काचेच्या नळीत चंदेरी थेंब हलताना दिसला तर तो पारा आहे. कचऱ्यात टाकू नका, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

बसवल्यावर पहिल्याच दिवशी तीन सेटिंग बघा. ओ की बी: बहुतेक हीट पंप गार करताना व्हॉल्व्हला वीज देतात, म्हणजे ओ. काही कंपन्यांचे गरम करताना देतात, म्हणजे बी. उलटं झालं तर ‘गार’ म्हटल्यावर गरम हवा येते. घाबरू नका, सेटिंग बदला. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पुन्हा सुरू व्हायला निदान ५ मिनिटं थांबतो ना, हे बघा. आणि कॉइलची बाहेरच्या तापमानाची मर्यादा भरा, कारखान्यातून ती बहुधा बंद असते किंवा फार सैल.

मग तुमच्यासाठी कोणता? सी तार निघाली आणि हीट पंप साधा असला तर सेन्सरवाला, दोन सेन्सर, एक खाली आईंच्या बसायच्या जागी, एक वरच्या झोपायच्या खोलीत. मात्र त्याच्या पुस्तिकेत कॉइलची मर्यादा असली पाहिजे. ती त्याच्यात नसेल आणि स्वस्तातल्यात असेल, तर बेधडक स्वस्तातला घ्या, सेन्सरशिवाय. सी तार निघाली नाही तर आधी नवी केबल ओढणाऱ्या वायरमनला बोलवा, तोपर्यंत जुन्यात नव्या बॅटऱ्या घाला. ऑर्डर देण्याआधी मला दोन फोटो पाठवा: झाकण काढलेल्या थर्मोस्टॅटच्या तारांचा, आणि बाहेरच्या युनिटवर चिकटवलेल्या पट्टीचा, ज्यावर मॉडेल क्रमांक आहे. पट्टी ओल्या फडक्यानं पुसून मग काढा, नाहीतर आकडे वाचता येत नाहीत.